गच्चीवरची संध्याकाळ

१२.१ प्रस्तावना

घराची सजावट म्हटली की दिवाणखाना, पडदे, चित्रे आणि आसने डोळ्यांपुढे येतात. परंतु उष्ण प्रदेशातील घर भिंतींच्या आत संपत नाही. अंगण, ओटा, पडवी आणि गच्ची या त्याच घराच्या मोकळ्या जागा असून उन्हाळ्यात कुटुंबाचा पुष्कळ वेळ तेथे जातो. येणारा पाहुणाही प्रथम तेथेच टेकतो. या जागा कशा मांडाव्यात, याचा विचार त्या त्या प्रदेशातील माणसांनी ऊन, वारा आणि पाणी यांच्याशी मेळ घालून केलेला असतो. प्रस्तुत पाठात चेन्नई शहरातील अशा जागांचा, विशेषतः गच्चीचा, परिचय करून दिला आहे.

१२.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

- चेन्नईच्या उन्हाळ्याची वैशिष्ट्ये सांगणे;
- तिण्णै आणि गच्ची यांचे उपयोग स्पष्ट करणे;
- मोकळी जागा सजवताना सावली, वारा, वजन आणि पाणी यांचा विचार का करावा, ते विशद करणे;
- महाराष्ट्र आणि तमिळनाडू यांतील उन्हाळी पाहुणचाराची तुलना करणे.

१२.३ मूळ पाठ

(अ) ऊन आणि वारा

चेन्नई शहर बंगालच्या उपसागराच्या काठी, १३ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. १९९६ पर्यंत त्याचे अधिकृत नाव मद्रास असे होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास तेथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. तमिळ पंचांगानुसार मे महिन्यातील सुमारे पंचवीस दिवसांचा काळ ‘अग्नि नक्षत्रम्’ म्हणून ओळखला जातो. बोलभाषेत त्याला ‘कत्तिरी वेयिल’ म्हणतात. वेयिल म्हणजे ऊन. ३१ मे २००३ रोजी चेन्नईत ४५ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले.

या उन्हावर निसर्गानेच एक उतारा ठेवला आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची तुलनेने थंड हवा किनाऱ्याकडे येते. यालाच खारा वारा म्हणतात. तो येईपर्यंत पश्चिमेकडून, म्हणजे तापलेल्या भूप्रदेशावरून, कोरडा आणि उष्ण वारा वाहत असतो. ज्या दिवशी खारा वारा उशिरा येतो, त्या दिवशी पारा सहज चाळिशी ओलांडतो. वारा सुरू झाला की उष्णता उतरते. परंतु त्याच्यासोबत दमटपणाही येतो आणि घाम वाळेनासा होतो. अशा वेळी बंद खोलीपेक्षा वाहत्या वाऱ्याची उघडी जागा अधिक सुखकर ठरते.

तात्पर्य, चेन्नईच्या उन्हाळ्याच्या दोन मागण्या आहेत : दुपारी सावली आणि संध्याकाळी वारा. येथील मोकळ्या जागेची सर्व मांडणी या दोन मागण्यांभोवती फिरते. समुद्राची झुळूक घेण्यासाठी शहरातील माणसे मरीना किनाऱ्यावर जातात. गव्हर्नर ग्रँट डफ यांच्या कारकिर्दीत, १८८४ साली, तेथील फिरण्याचा रस्ता तयार झाला. ज्यांच्या घराला अंगण नाही, अशा असंख्य कुटुंबांचे मरीना हेच अंगण होय.

(आ) तिण्णै : वाटसरूची बैठक

मैलापूर, तिरुवल्लिक्केणी यांसारख्या जुन्या वस्त्यांतील पारंपरिक घरांना रस्त्याच्या बाजूने एक उंच ओटा असे. त्याला ‘तिण्णै’ म्हणतात. वर उतरते छप्पर, पुढे लाकडी खांब आणि खाली गुळगुळीत घोटलेली बैठक, असे तिचे रूप. कोकणातील ओटा आणि देशावरील ओसरी यांच्याशी तिचे जवळचे नाते आहे. घराच्या आत मधोमध आकाशाला उघडा असलेला चौक असे. त्याला ‘मुट्रम’ म्हणतात. तापलेली हवा चौकातून वर निघून जाई आणि तिण्णैच्या बाजूने नवी हवा आत येई.

तिण्णैवर घरातील वडीलधारी माणसे संध्याकाळी बसत, मुले अभ्यास करीत आणि फेरीवाला आपली पाटी टेकवी. तिचा सर्वांत मोठा गुण असा, की तेथे बसण्यासाठी वाटसरूला दार वाजवावे लागत नसे. ती घरमालकाची असूनही रस्त्यावरून चालणाऱ्याला सावली देत असे. तिच्यापुढे पहाटे सडा टाकून तांदळाच्या पिठाने ‘कोलम’ काढीत. हे पीठ मुंग्यांच्या आणि पाखरांच्याही उपयोगी पडे. म्हणजे सजावटीतही दुसऱ्याचा वाटा ठेवलेला असे.

रस्ते रुंद झाले, जमिनीच्या किमती वाढल्या आणि एकमजली घरांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या, तशा तिण्णै दिसेनाशा झाल्या. दक्षिण भारतातील अशी जुनी घरे मूळ ठिकाणाहून हलवून चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथील ‘दक्षिणचित्र’ या संग्रहालयात पुन्हा उभारली आहेत. हे संग्रहालय १९९६ साली सुरू झाले. तेथील तिण्णैवर बसून पाहिले, म्हणजे हा ओटा किती विचारपूर्वक रचलेला असे, हे ध्यानात येते.

(इ) मोट्टै माडी : मोकळी गच्ची

तिण्णै गेली, तरी एक मोकळी जागा उरली. ती म्हणजे गच्ची. तमिळमध्ये तिला ‘मोट्टै माडी’ म्हणतात. मोट्टै म्हणजे मुंडण केलेले डोके आणि माडी म्हणजे वरचा मजला. ज्याच्यावर छप्पर नाही असा मजला, हा त्या नावाचा गमतीदार अर्थ. जुन्या मद्रासमधील गच्च्या लाकडी वाशांवर पातळ विटा उभ्या कडेने, चुन्यात बसवून बांधलेल्या असत. त्यावर विटांचे तुकडे आणि चुना यांचा जाड थर देऊन तो ठोकून घट्ट करीत. ही पद्धत ‘मद्रास टेरेस’ या नावाने प्रसिद्ध आहे.

उन्हाळ्यात या गच्चीचा दिवस दोन भागांत विभागलेला असे. सकाळी तेथे ‘वडाम’ आणि ‘वत्तल’ वाळत. तांदळाच्या पिठाचे वडाम पाहून मराठी वाचकाला कुरडया आणि सांडगे आठवतील. वाळवणाची राखण करणारी मुलेही दोन्हीकडे सारखीच. सूर्य कलल्यावर तापलेल्या गच्चीवर पाणी शिंपडून चटया अंथरीत. चांदण्या रात्री घरातील आजी मोठ्या पातेल्यात भात कालवून भोवती बसलेल्या मुलांच्या तळहातांवर एकेक घास ठेवी. याला ‘निला चोरू’, म्हणजे चांदण्यातला भात, असे म्हणतात. पंखा नसलेल्या घरांतील माणसे रात्री झोपायलाही गच्चीवरच येत.

आज अनेक इमारतींतील गच्ची पाण्याच्या टाक्या, वाहिन्या आणि मोडक्या सामानाने व्यापलेली असते. ती सर्वांची असल्यामुळे कोणाचीच नसते आणि बहुधा तिच्या दाराला कुलूप असते. तिला पुन्हा बसण्याजोगी करायची, तर खर्चिक वस्तूंपेक्षा विचारपूर्वक मांडणीची आणि सर्व रहिवाशांच्या संमतीची अधिक गरज असते.

> पाठगत प्रश्न १२.१
> (१) चेन्नईत खारा वारा कोणत्या कारणाने वाहतो?
> (२) तिण्णैचा सर्वांत मोठा गुण कोणता?
> (३) ‘मोट्टै माडी’ या नावाचा अर्थ सांगा.

(ई) मांडणीचा क्रम

गच्ची सजवताना पहिला विचार सावलीचा करावा. पश्चिमेकडून येणारे दुपारचे तिरपे ऊन सर्वांत त्रासदायक असते. म्हणून त्या बाजूला वेल, चटईचा पडदा किंवा बांबूची ताटी असावी. पूर्व आणि आग्नेय या दिशा मात्र मोकळ्या ठेवाव्यात, कारण समुद्राचा वारा तिकडून येतो. सुंदर दिसते म्हणून या बाजूला उंच झाडांची रांग लावली, तर संध्याकाळचा वाराच अडतो. माथ्यावर छत घालताना सगळी गच्ची झाकू नये. वाळवणासाठी आणि कपड्यांसाठी उन्हाचा एक तुकडा राखणे हाही मांडणीचाच भाग आहे.

विणलेल्या झावळ्यांचा, म्हणजे कोकणात ज्यांना झाप म्हणतात त्यांचा, मांडव चेन्नईत पूर्वापार घातला जातो. त्याच्या फटींतून हवा खेळते आणि खाली गारवा राहतो. परंतु वाळलेली झावळी चटकन पेट घेते. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथील एका शाळेतील आगीत ९४ मुलांचा मृत्यू झाला. त्या आगीत गवताऱ्या छपराने घेतलेला पेट साऱ्या देशाने पाहिला. म्हणून झापांच्या मांडवाखाली चूल, शेगडी किंवा उघडा दिवा ठेवू नये. तसेच ऑक्टोबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस सुरू होण्यापूर्वी मांडव उतरवावा. डिसेंबर २०१६ मधील ‘वरदा’ चक्रीवादळाने शहरातील हजारो झाडे पाडली. तशा वाऱ्यापुढे बांबूच्या मांडवाचा निभाव लागणे शक्य नाही.

वाळ्याच्या पडद्यांविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ओल्या पडद्यातील पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते आणि हवा गार होते. हे काम कोरड्या हवेत चांगले होते. त्यामुळे दुपारच्या पश्चिम वाऱ्यात वाळ्याचा पडदा उपयोगी पडतो. संध्याकाळच्या दमट वाऱ्यात तो केवळ सुगंध देतो. विदर्भातील घरात जो पडदा दिवसभर गारवा देतो, तोच चेन्नईत काही तासच उपयोगी का पडतो, याचे कारण हे आहे.

सावलीनंतर बैठक. काँक्रीटची गच्ची दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू बाहेर टाकते. गच्चीला पांढरा चुना दिला, तर बरेचसे ऊन परावर्तित होते आणि खालच्या खोल्याही कमी तापतात. बसण्यासाठी कोरै गवताच्या चटया उत्तम. तिरुनेलवेली जिल्ह्यातील पत्तमडै हे गाव तलम चटयांसाठी प्रसिद्ध आहे. वृद्धांना खाली बसणे जड जाते. त्यांच्यासाठी दोन-चार खुर्च्या किंवा दोरीची बाज वाऱ्याच्या तोंडाशी ठेवावी.

झाडे निवडताना पाणी आणि वजन या दोहोंचा हिशेब करावा. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. म्हणून मोठ्या कुंड्या गच्चीच्या मध्यभागी न ठेवता भिंतींवर आणि तुळयांवर भार येईल अशा ठेवाव्यात. मातीत नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळल्यास वजन घटते आणि ओलही टिकते. कठड्यावर कुंडी ठेवणे धोक्याचे असते. कमी पाण्यावर फुलणारी बोगनवेल, सदाफुली आणि कोरफड येथे तग धरतात. कढीलिंबाची एक कुंडी स्वयंपाकाच्या कामी येते. मोगरा, म्हणजे तमिळमधील ‘मल्लिगै’, आणि जुई, म्हणजे ‘मुल्लै’, यांच्या कळ्या संध्याकाळी उमलतात. माणसे गच्चीवर येण्याची वेळ आणि फुलांची वेळ एकच असल्याने दुसऱ्या सुगंधाची गरज उरत नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, कारण डेंग्यूचा प्रसार करणारे डास तेथेच अंडी घालतात.

प्रकाश मंद असावा आणि तो डोळ्यांच्या पातळीखाली ठेवावा. तीव्र दिव्यांमुळे किडे जमतात आणि आकाश दिसेनासे होते.

(उ) पाण्याचा हिशेब

चेन्नईत सजावटीचा विचार पाण्याला वगळून करता येत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. रंगीबेरंगी घागरी घेतलेल्या माणसांच्या रांगा टँकरपुढे लागल्या. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टै येथून २५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी शहरात आली. अशा शहरात शोभेच्या कारंज्यासाठी किंवा गच्ची भिजवण्यासाठी पिण्याचे पाणी वापरणे योग्य ठरणार नाही. तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी झाडांना पुरते.

गच्ची पाणी खर्च करते, तशी मिळवूनही देते. २००३ साली तमिळनाडू शासनाने सर्व इमारतींना पर्जन्यजलसंधारणाची व्यवस्था बंधनकारक केली. चेन्नईत वर्षाला सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. या हिशेबाने १०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाकाठी सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाणी पडते. काही पाणी वाया जाते असे धरले, तरी उरलेले पाणी विहिरीत किंवा भूगर्भात सोडता येते. त्यासाठी गच्चीचा उतार आणि पाणी जाण्याची तोंडे मोकळी हवीत. कुंड्या, फरश्या आणि कृत्रिम हिरवळ यांनी ती बुजवली, तर उन्हाळ्याची शोभा पावसाळ्यात महाग पडते.

डिसेंबर २०१५ च्या महापुरात खालचे मजले पाण्याखाली गेले, तेव्हा असंख्य कुटुंबांनी गच्चीवरच आसरा घेतला होता. ज्या इमारतीत गच्चीचे दार उघडे होते आणि वर बसायला जागा होती, तेथे शेजारी शेजाऱ्याच्या उपयोगी पडू शकला. मोकळी जागा मोकळी ठेवणे किती मोलाचे आहे, हे त्या दिवसांनी शिकवले.

(ऊ) पाहुणचार

तंजावूरच्या मराठा राजवटीपासून तमिळ प्रदेशात मराठी माणसे राहत आली आहेत. त्यांना या प्रदेशाचा उन्हाळा फारसा परका वाटला नसावा. कारण चैत्रातील पाहुणचार दोन्ही प्रांतांत एकाच वळणाचा आहे. महाराष्ट्रात चैत्रगौरीची आरास मांडतात, अंगणात चैत्रांगण रेखतात आणि हळदीकुंकवाला आलेल्या स्त्रियांना आंब्याची डाळ व पन्हे देतात. तमिळनाडूत रामनवमीला ‘पानकम’ आणि ‘नीर मोर’ वाटतात. पानकम हे गूळ, सुंठ, वेलदोडा आणि लिंबू घालून केलेले सरबत, तर नीर मोर म्हणजे पातळ ताक. महाराष्ट्रातील पाणपोईप्रमाणे तेथे रस्त्याच्या कडेला ‘तण्णीर पंदल’, म्हणजे पाण्याचा मांडव, उभारतात. तेथे येणाऱ्याला नाव विचारले जात नाही.

या सर्व प्रथांत एक समान सूत्र आहे. उन्हातून आलेल्या माणसाला आधी सावली, मग पाणी आणि मग दोन शब्द द्यायचे. गच्चीवरील मेजवानीलाही हाच क्रम शोभतो. मातीच्या माठातील पाणी, शहाळी, ताडगोळे, कैरीच्या फोडी आणि दहीभात एवढ्यावर संध्याकाळ छान होते. वर येणाऱ्या माणसांत इमारतीचा रखवालदार आणि तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी यांनाही बोलावले, तर तिण्णैचा जुना धर्म चार मजले वर चढून पुन्हा सुरू होतो. गच्ची कितीही सजवली, तरी तिची खरी शोभा तेथे येऊन निवांत बसणाऱ्या माणसांवर अवलंबून असते.

> पाठगत प्रश्न १२.२
> (१) गच्चीची पूर्व बाजू मोकळी का ठेवावी?
> (२) वाळ्याचा पडदा दमट हवेत कमी उपयोगी का ठरतो?
> (३) १०० चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला किती पाणी पडते?

१२.४ शब्दार्थ

उतारा – उपाय. माध्यान्ह – भर दुपारची वेळ. तात्पर्य – सारांश. ताटी – बांबूची किंवा गवताची आडभिंत. परावर्तित होणे – आदळून परत फिरणे. तलम – अतिशय बारीक विणीचे. आरास – शोभेची मांडणी. चैत्रांगण – चैत्र महिन्यात अंगणात काढायची विशिष्ट रांगोळी.

१२.५ आपण काय शिकलो?

- चेन्नईच्या उन्हाळ्यात दुपारी सावली आणि संध्याकाळी वारा यांची गरज असते.
- तिण्णै ही घर आणि रस्ता यांना जोडणारी जागा होती. आज तिचे कार्य गच्ची करू शकते.
- मोकळ्या जागेची मांडणी करताना दिशा, आग, वजन आणि पाण्याचा निचरा यांचा विचार करावा लागतो.
- सजावटीचे प्रयोजन पाहुणचारात आहे.

१२.६ स्वाध्याय

(१) ‘म्हणजे सजावटीतही दुसऱ्याचा वाटा ठेवलेला असे’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(२) तिण्णै आणि गच्ची यांतील साम्य व भेद सांगा.
(३) ‘ती सर्वांची असल्यामुळे कोणाचीच नसते’ – या वाक्याविषयी तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
(४) पाठातील पुढील शब्दांचे विग्रह करून समास ओळखा : चैत्रगौर, हळदीकुंकू, महापूर.

उपक्रम : तुमच्या घराजवळील अंगण, ओटा, गच्ची किंवा सार्वजनिक पार यांपैकी एका जागेचा नकाशा काढा. दुपारी बारा, तीन आणि सहा वाजता तेथे सावली कोठे पडते, याची नोंद करा. त्या जागेत कोणते तीन बदल सुचवाल, ते कारणांसह लिहा.

१२.७ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१२.१ – (१) जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घेते. (२) तेथे बसण्यासाठी वाटसरूला दार वाजवावे लागत नसे. (३) ज्याच्यावर छप्पर नाही असा वरचा मजला.

१२.२ – (१) समुद्राचा वारा पूर्वेकडून व आग्नेयेकडून येतो म्हणून. (२) दमट हवेत पाण्याची वाफ कमी होते, त्यामुळे हवा फारशी गार होत नाही. (३) सुमारे १ लाख ४० हजार लिटर.